भावाच्या फॉर्ममधला रकाना

मी विमा एजंट आहे. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरांमध्ये दुपारी जिची सावली दिसली की बायका हळूच दार लोटून घ्यायच्या, ती मी. नवरा वीज केंद्रात, त्याची शिफ्टची ड्युटी, आणि घरी बसून मला करमेना, म्हणून चौदा वर्षांपूर्वी हे काम धरलं. आता कोणी दार लोटत नाही. दोनचार घरांत वाईट वेळ आली तेव्हा कागद घेऊन आधी मीच धावले होते, ते लोकांच्या लक्षात राहिलं. आता चहा मिळतो. पॉलिसी मात्र अजूनही चहा संपल्यावरच निघते.

माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमचं गाव नागभीडपासून बसने तासाभरावर, पुढे पायी थोडं. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, आणि बांध्या संपल्या की जंगल. भाऊ तिथेच राहिला. आमच्या गावात त्या काळी जो शिकला तो बाहेर गेला, कोणी भद्रावतीला, कोणी चंद्रपूरला. दहावी होऊन गावातच थांबलेला हा एकटाच. त्यामुळे एक रीत पडून गेली. सरकारी माणूस गावात आला आणि त्याला कागदावर कोणाचं तरी नाव हवं असलं, की भावाचं नाव द्यायचं. अस्वलाने कोणाला फाडलं, पंच म्हणून भाऊ. विहीर खचली, साक्षीदार भाऊ. शाळेचे पत्रे उडाले, अर्जावर पहिली सही भावाची. बाकीच्यांनाही आपलं नाव लिहिता यायचं, पण कागदात काय लिहिलंय ते वाचून मग सही करणारा हाच. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. सही करताना तो मान अशी तिरपी करायचा की जणू फोटो काढून घेतोय.

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत गावातला एक माणूस बांधीवर वीज पडून गेला. त्याची पॉलिसी होती. भाऊ त्याच्या बायकोजवळ बसून सगळे कागद पसरून मला फोनवर वाचून दाखवत होता. मी ऐकताऐकताच ओळखलं की पॉलिसी केव्हाच बंद पडली आहे. तालुक्याचा एजंट पहिली दोन वर्षं गावात येत होता, मग त्याने येणं सोडलं, आणि एका हप्त्यासाठी दिवस मोडून तालुक्याला कोण जातो?

"काहीच नाही होणार का वं बाई?" भावाने विचारलं. धाकट्या बहिणीलाही आमच्याकडे बाई म्हणतात.

"नाही," मी म्हटलं.

फोनवर कागद गोळा केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गावचाच एजंट असता तं असं नसतं झालं."

"मग हो की तू," मी म्हटलं. मी ते चिडून म्हटलं होतं. माझं बरंचसं आयुष्य चिडून बोललेल्या वाक्यांमुळेच पुढे सरकलं आहे.

पंधरा दिवसांनी हा माणूस ऊर्जानगरला हजर. केस कापलेले, इस्त्रीचा शर्ट, पिशवीत दहावीची मार्कलिस्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सोबत माझ्यासाठी पोहे आणि वाळवलेली मोहफुलं. मार्कलिस्ट टेबलावर ठेवून त्याने तिच्या कडा दोन्ही हातांनी सरळ केल्या, ते पाहून मला एकदम जाणवलं की हा हे थट्टेवारी नेत नाहीये. याला हे खरंच हवं आहे. गावाच्या सगळ्या कागदांवर याने सह्या केल्या, पण स्वतःसाठी असा एक अर्ज याने जन्मात केला नव्हता.

फॉर्म मीच भरायला घेतला. नाव, पत्ता, शिक्षण. पुढे एक रकाना होता, न्यायालयाने आपणांस कधी दोषी ठरवले आहे काय? चौदा वर्षांत मी कितीतरी जणांचे असे फॉर्म भरले असतील. त्या रकान्यापाशी पेन थांबतच नाही, हात आपोआप 'नाही' लिहितो. तसं मी लिहिलं.

भाऊ समोर बसून उलट्या बाजूने वाचत होता. म्हणाला, "बाई, हे खोटं झालं."

"काय खोटं?"

"ते 'नाई'. माही केस झाली होती ना. बांबूची."

मला ती केस आठवत होती, पण केस म्हणून नव्हे. माझ्या लग्नाच्या वेळी हिरव्या मांडवासाठी बांबू आणताना भाऊ पकडला गेला आणि त्याने कोर्टात जाऊन दंड भरला, एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडे त्या गोष्टीला तापाइतकंच महत्त्व. आला, घाम फुटला, उतरला. दंड भरला की संपली, असं सगळं गाव धरून चालायचं. जंगलाकाठच्या निम्म्या घरांत एखादी तरी अशी केस असेल आणि तिचा कागद कुठेतरी जिवंत असतो हे कोणाच्या मनातही येत नाही. आणि आता तर आमच्या गावाला जंगलाचा हक्क मिळाला आहे, ग्रामसभाच बांबू तोडते आणि विकते. ज्याच्यासाठी भावाला दंड झाला, तेच काम आज ठराव करून होतं.

"अरे बाबा, ती काय केस आहे?" मी म्हटलं. "कोण विचारतं तिला?"

"हा कागद विचारून राह्यला ना."

"त्याला कळणार नाही."

"मले कळते ना पन. कोर्टात गुन्हा कबूल म्हनलं मी. आता इथी नाई कसं म्हनू?"

मी पेन आपटलं. मी त्याला हरिश्चंद्र म्हटलं, खेडवळ म्हटलं, आणि तुझ्यामुळे माझी शाखेत शोभा होईल असंही म्हटलं. नवरा ड्युटीवरून आला, दारातच आमचा आवाज ऐकून टिफिन ठेवला आणि भाजी आणायला म्हणून परत गेला. भाजी घरात होती. माझं सगळं बोलून झाल्यावर भावाने विचारलं, "दुसरा फॉर्म आहे का वं?"

दुसऱ्या फॉर्मवर त्याने स्वतःच्या अक्षरात 'होय' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो फॉर्म घेऊन मी आमच्या शाखेच्या साहेबांपुढे उभी राहिले. साहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा वर केला, 'होय' वाचलं आणि मला बसायला सांगितलं. म्हणाले, कोणत्याही शिक्षेने एजन्सी जात नाही. कायद्यात त्याची यादी आहे. अफरातफर, विश्वासघात, फसवणूक, खोटे दस्तऐवज. जो दुसऱ्याचे पैसे हाताळणार, त्याचा हात स्वच्छ पाहिजे, हा त्यामागचा अर्थ. बांबू त्या यादीत नाही. पण निकालाची नक्कल जोडावी लागेल, आणि तुमच्या भावाशी मी स्वतः बोलेन, मग वर पाठवू.

मी घरी येऊन भावाला ती यादी पाढ्यासारखी म्हणून दाखवली. त्याने ती दोनदा म्हणवून घेतली. मी त्याला म्हटलं, पास झालास. तो म्हणाला, अजून पेपर कुठी झाला वं.

नक्कल मिळवणं सोपं नव्हतं. इतक्या वर्षांपूर्वीचा कागद. तालुक्याच्या कोर्टात आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा बाबू रजेवर, दुसऱ्यांदा केसचा नंबर सापडेना. तिसऱ्यांदा मिळाली. दोन पानांचा निकाल होता. गुन्हा कबूल, दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत भावाने तिथेच बसून राहायचं. भाऊ मला ते बाक दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, "इथीच बसलो होतो. आईनं डबा देल्ता. पोलीसवाल्यालेही चटनी देल्ली." कोणी आपली जुनी शाळा दाखवावी तशा कौतुकाने तो ते बाक दाखवत होता.

बस स्टँडवर आलुबोंडा खायला बसलो. बसला वेळ होता, म्हणून मी नक्कल नीट वाचायला घेतली. आरोपी अमुक दिवशी सकाळी दहा वाजता राखीव जंगलात चाळीस हिरवे बांबू आणि कुऱ्हाडीसह जागेवर मिळून आला. ती तारीख वाचली आणि मी परत वाचली. माझ्या लग्नाच्या बरोबर तीन दिवस आधीची होती.

स्वतःच्या लग्नाच्या तारखेच्या आसपासचे दिवस कोणती बाई विसरते? त्या दिवशी पहाटेच्या बसने मी आणि भाऊ चंद्रपूरला गेलो होतो. शालूवरचं ब्लाऊज शिंप्याने लहान शिवलं होतं. ते उसवून परत शिवून घेईपर्यंत आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून होतो. मी रडत होते आणि भाऊ शिंप्याशी भांडत होता. मग त्याने मला बांगड्या घेऊन दिल्या. परत आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. सकाळी दहाला तो जंगलात असूच शकत नव्हता.

"भाऊ," मी म्हटलं, "त्या दिवशी तर आपण चंद्रपुरात होतो."

"हं," तो म्हणाला आणि आलुबोंड्यावर तर्री मागवली.

"मग बांबू कोणी तोडला?"

त्याने आधी खाऊन घेतलं, हात धुतले, रुमालाला पुसले. मग म्हणाला, "बाबानं. आनि काकानं. बंडी घेऊन गेल्ते."

आमचे बाबा तेव्हा वनखात्याकडे उन्हाळ्यात आगीवर लक्ष ठेवायला रोजंदारीवर होते. आज ना उद्या कायम होऊ, या आशेवर त्यांनी वर्षानुवर्षं काढली होती. बांबूसाठी अर्ज केला होता, पण परवानगी काही आली नाही आणि लग्न तर तोंडावर आलं. मग ज्या जंगलाची राखण करायची तिथेच ते बैलबंडी घेऊन गेले. गार्डला तोडलेल्या बांबूंची थुटं दिसली, बंडीची चाकोरी दिसली, चाकोरी आमच्या अंगणात येऊन थांबली. गार्ड भला माणूस होता, आमच्याकडे जेवलेला. तो म्हणाला, मी आता केस केल्याशिवाय राहू शकत नाही, वरून विचारणा आहे. पण तुमचं नाव गेलं तर तुमचं काम जाईल. कोणाचं तरी एक नाव द्या.

"आपन चंद्रपूरहून येऊन उतरलो तवा सगळे वसरीवर बसून होते," भाऊ म्हणाला. "सगळ्यायनं माह्याकडे पाह्यलं. आता सही म्हनली का मीच ना. करून देल्ली."

"आणि मी कुठे होते?"

"तू आत बांगड्या दाखवून राह्यली होती बायकायले."

मला त्या गर्दीच्या स्टँडवर रडू फुटलं. राग कोणाचा करावा ते कळेना. बाबांचा करावा तर ते जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि बांबू तरी त्यांनी कोणासाठी तोडला? माझ्यासाठीच. त्या मांडवाखाली मी बांगड्या वाजवत बसले होते आणि माझा भाऊ तेव्हाच आरोपी झाला होता. इतक्या वर्षांत एका शब्दाने तो मला बोलला नाही. भाऊबीजेला दरवर्षी मी त्याला ओवाळत आले आणि ओवाळणी कमी घातली म्हणून चिडवतही आले.

डोळे पुसले आणि मी लढायला उभी राहिले. म्हटलं, आता खरं लिहायचं. फॉर्मसोबत वेगळा कागद जोडू. तू निर्दोष होतास, मी साक्षीदार आहे. साहेब समजून घेतील.

भाऊ माझ्याकडे पाहून हसायला लागला. "तुह्या सायबाची ती यादी सांग बरं पुन्हा."

"अफरातफर, विश्वासघात, फसवणूक, खोटे दस्तऐवज."

"बांबू त्याच्यात हाये का?"

"नाही."

"आनि कोर्टाच्या कागदावर खोटी सही करनं? ते कशात बसते?"

ते नक्की कशात बसतं हे मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. पण चौदा वर्षं लोकांना अटी समजावून सांगणाऱ्या मला माझा दहावी पास भाऊ बस स्टँडवर अट समजावून सांगत होता. त्याने बांबू चोरला म्हटलं तर तो एजंट होऊ शकत होता. चोरला नाही म्हटलं, तर त्याने कोर्टाला फसवलं असं झालं असतं, आणि फसवणारा माणूस आम्हाला चालत नाही.

"आनि बाबाचं काय?" तो म्हणाला. "मेलेल्या मानसाले आता जंगलातून पकडून आनतं का तू?"

बस आली तेव्हा त्याने माझी पिशवी उचलली आणि खिडकीची जागा मला दिली.

साहेबांच्या खोलीत त्याला बोलावलं तेव्हा मीही शेजारी बसले. हा माणूस खोटं बोलत नाही, हे मला पहिल्या फॉर्मपासून कळलं होतं, आणि आता तो बोलणार तरी काय? साहेबांनी नक्कल वाचली आणि विचारलं, "हे तुम्हीच केलं होतं?"

भाऊ म्हणाला, "सही माही हाये साहेब."

"चाळीस बांबू?"

"कागदात चाळीस लिवले हाये."

"एवढे कशाला लागले हो?"

"हिच्या लग्नाचा मांडव होता," भाऊ म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं.

साहेब माझ्याकडे पाहून हसले. मला हसता येईना. ते म्हणाले, इतकी वर्षं मी फॉर्म तपासतोय, पण लिहिली नसती तरी कोणाला कळली नसती अशी जुनी गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून देणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. असाच खरा माणूस आम्हाला पाहिजे. यावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेबांना वाटलं, बहिणीला भावाचं कौतुक वाटतंय. तेही काही चूक नव्हतं. मी पदराने डोळे पुसले आणि तोंड बंद ठेवलं.

वरून मंजुरी आली. मग परीक्षा. चंद्रपूरच्या सेंटरला कॉम्प्युटरवर पेपर होता. भावाला उंदीर म्हणून जो माहीत होता तो फक्त धानाच्या ढोलीतला. माझ्या क्वार्टरमध्ये नवऱ्याने त्याला आठ दिवस माऊस शिकवला. बाण इकडून तिकडे पळाला की हा खुर्चीवरून अर्धा उठायचा. पेपरच्या दिवशी बाहेर आला तो घामाने ओला, आणि म्हणाला, "रोवनी परवडली." पास झाला. मार्क मी सांगत नाही, कारण माझ्याहून जास्त पडले.

नेमणुकीचं पत्र माझ्या शाखेत आलं. ते पोस्टाने पाठवायचा धीर मला नव्हता. मी रजा काढली आणि गावाला गेले. पोहोचले तेव्हा भाऊ घरी नव्हता, कोणाच्या तरी शेताच्या मोजणीला पंच म्हणून गेला होता. आई वसरीवर बसली होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि हळूच विचारलं, "बांबूचं काही म्हनलं नाई ना त्यायनं?"

म्हणजे आईला सगळं माहीत होतं. तिला कसं माहीत नसणार?

"काही म्हणाले नाहीत," मी म्हटलं.

तिने पत्राची घडी केली. मग जे सांगितलं ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "तो कोर्टातून घरी आला ना, त्या दिवसापासून तुहा बाप त्याच्या आधी कवा जेवला नाई. पोरगा वावरात रायो, बाजारात रायो, हा ताट झाकून बसून राहे. मी वाढलं तं म्हने, येऊ दे त्याले. शेवटी दवाखान्यात पेज पाजून राह्यली होती, तवाही विचारे, पोरगा जेवला का."

"भावाला माहीत आहे?"

"नाई. त्याले वाटे, बुढ्याले भूकच उशिरा लागते. तूही सांगू नोको."

मला आठवलं, माहेरी आले की मी भावाला रागवायचे. बाबा उपाशी बसलेत आणि तू गावभर हिंडतोस, लाज नाही वाटत? बाबा म्हणायचे, राहू दे वं, त्याले काम असते. मी बाबांनाही रागवले होते.

तेवढ्यात भाऊ आला. पत्र पाहिलं, उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. मान सही करताना करायचा तशी तिरपी केली. मग म्हणाला, आधी त्या वीज पडलेल्याच्या घरी जाऊन येतो, त्याच्या पोरायचं काही करता येते का पाह्यतो. आई म्हणाली, आधी जेव, मग जा. तिने तीन ताटं वाढली. भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे. भाऊ हात धुवायला मागे गेला आणि तिथूनच कोणाशी तरी मोजणीबद्दल बोलत उभा राहिला. भात निवायला लागला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाला हात लावला नव्हता.

तो आला, बसला, पहिला घास घेतला, आणि मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काऊन थांबली वं बाई? लाजून राह्यली का? तुह्या भावाचंच घर हाये," तो म्हणाला. "जेव."